रोमच्या कोपऱ्यातला दिवा

चिठ्ठी उघडली, आत ‘रोम’ निघालं, आणि मी वहीचं नवं पान उघडलं. डाव्या बाजूला ‘काय हवं’ आणि उजव्या बाजूला ‘कुठून मिळेल’ असं लिहून मधे रेघ मारली. उजवी बाजू बरेच दिवस रिकामीच राहिली.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. कागदावर दोन जिल्हे झाले, तरी प्राथमिक शाळांचं इतिहास प्रदर्शन त्या वर्षी दोघांचं मिळून चंद्रपूरलाच भरणार होतं. विषय होता प्राचीन संस्कृती. कोणत्या शाळेने काय मांडायचं ते बैठकीत चिठ्ठ्या टाकून ठरलं. शेजारच्या गावच्या गुरुजींना मोहेंजोदडो मिळालं. ते खुशीत होते. मला म्हणाले, “बाई, तुमी आता पासपोर्ट काढा.”

माझी शाळा मुलचेऱ्यापासून आत, जंगलातल्या एका गावात होती. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातले मुख्याध्यापक निम्मा महिना कुठल्या ना कुठल्या बैठकीला गेलेले असत. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराज होते, रोमचा त्यात एक शब्द नव्हता. मी आलापल्लीच्या हायस्कूलमधून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागून आणलं. मजकूर मला अर्धामुर्धा कळत होता, चित्रं पुष्कळ होती, आणि मधली काही पानं वाळवीने खाल्ली होती. उरलं ते रोम, असं धरून मी कामाला लागले.

तिसरी-चौथीची मिळून एकवीस मुलं होती. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी झाडीपट्टीची मराठी. पहिल्या दिवशी मी फळ्यावर नकाशा काढला.

“बाई, रोम कुठी आहे?”

“खूप लांब.”

“सिरोंच्याच्या पलीकडे?”

“सिरोंच्याच्या पलीकडे, मग समुद्र, मग त्याच्याही पलीकडे.”

सिरोंच्यापर्यंत त्यांना पटलं. पुढचं त्यांनी माझ्या समाधानासाठी मान्य केलं. रोमन लोकांनी मोठमोठे दगडी रस्ते बांधले, असं मी सांगितलं, तर चौथीतला एक जण म्हणाला, “कोन बांधले? दगड कोन उचलले?”

“सैनिकांनी. आणि गुलामांनी.”

“गुलाम मंजे रोजगार हमीवाले?”

“नाही रे. रोजगार हमीवाला संध्याकाळी आपल्या घरी येतो. गुलामाला घर नसतं. तो मालकाचा.”

मग पहिल्या रांगेतून एका मुलीने विचारलं, “मंग थो पळून काऊन नाई गेला? तिथी जंगल नोहतं का?”

ती मुलगी चौथीत होती. बारीक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, उत्तर मिळेपर्यंत न बसणारी. पुढे जे झालं ते तिच्या घरचं आहे, म्हणून तिला इथेच सांगून ठेवते.

रोमन श्रीमंत लोक आडवे पडून जेवायचे, हे त्यांना सगळ्यांत आवडलं. “आमचा बाबा बी असाच जेवते,” एक म्हणाला. “तुहा बाबा पिऊन रायते मनून,” दुसरा म्हणाला. मैदानात माणसांवर सिंह सोडायचे आणि लोक ते बघायला जायचे, हे मात्र कोणालाच आवडलं नाही. त्या गावात वाघाची पावलं विहिरीच्या वाटेवर दिसत. वाघ मुद्दाम कोणावर सोडतात हे त्यांना कळेना. “येडे होते का ते?” असं त्या वेणीवालीनेच विचारलं, आणि मी रोमवाल्यांची बाजू घेतली नाही.

पुठ्ठ्याचे खांब, थर्मोकोलची कमान, असं काहीतरी इतर शाळा करणार हे मला माहीत होतं. आमच्याकडे पुठ्ठा नव्हता आणि थर्मोकोल मुलांनी पाहिलाही नव्हता. एका दुपारी मी पुस्तकातलं रोमन घराचं पान उघडून मुलांसमोर धरलं. स्वयंपाकघर, भांडी, जातं, छपराची कौलं, मासे धरायचं जाळं असं सगळं त्यात रेखाटलेलं होतं.

“हे त आमचे कवेलू,” एक म्हणाला.

“हे जातं. माह्या मामाच्या घरी अस्सं आहे.”

“आन हा दिवा आमच्या घरी आहे,” वेणीवाली म्हणाली.

मी पुस्तक माझ्याकडे वळवून पाहिलं. हातात मावेल एवढा धातूचा दिवा, पुढे वातीला चोच, वर पक्षी. तिला म्हटलं, “असा नसेल. हा रोमचा आहे.”

“आमचा बी असाच आहे. वरतं पाखरू आहे.”

त्या दिवशी वहीची उजवी बाजू भरायला लागली. रोमन घर उभं करायचं आणि त्यातली प्रत्येक वस्तू गावातल्या एकेका घरून आणायची, असं ठरलं. मी नवीन पान काढून चार रकाने आखले: वस्तू, कोणाच्या घरची, आणणारं मूल, परत. कौलं, लहान जातं, मुसळ, बांबूचा मासे धरायचा सापळा, लाकडी नांगराचा फाळ, मडकी, टोपल्या. एकूण एकतीस वस्तू झाल्या. गावाने हसत हसत दिल्या. आपलं मुसळ चंद्रपूरला जाणार याचंच लोकांना नवल होतं. एक म्हातारा रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन विचारायचा, “बाई, माहा फाळ गेला का रोमले?”

दिवा मात्र एकट्या पोरीने आणला नाही. आई सोबत आली. उंच, हडकुळी बाई, कमी बोलणारी. पदरात गुंडाळलेला दिवा तिने माझ्या टेबलावर ठेवला, पण हात त्यावरच ठेवला. मेणाचा साचा करून ओततात तसलं जुनं पितळ होतं. वर एक पक्षी, त्याची एक बाजू घासून घासून गुळगुळीत झालेली, शेपटीला लहानशी कडी. कडी एका जागी वाकलेली होती.

“हा लग्नाचा आहे, बाई,” ती म्हणाली. “माह्या सासूच्या सासूनं आनला. हा पेटल्याबिगर आमच्या घरच्या पोरीले हळद लागत नाई. मोह वेचून झाले का मोठीचं लगीन आहे.”

“मग राहू द्या. मुलांनी मातीचे केले आहेत, ते ठेवीन.”

मातीचे खरंच केले होते. सहा दिवे, मुलांनी आपल्या हातांनी, पक्ष्यासकट. पण ते वाळताना तडकले होते आणि पक्षी कोंबडीसारखे दिसत होते. आईने ते पाहिले, मग पोरीकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे बघत होती. तिने चार ओळी पाठ केल्या होत्या: ‘हा रोमन घरातील दिवा आहे’ इथून सुरू होणाऱ्या.

“न्या,” आई म्हणाली. “पन मले सांगा, कोन आनून देईन?”

“मी. माझ्या हाताने आणून देईन.”

तिने हात उचलला. मी तिच्यासमोर वहीत लिहिलं, एकोणिसावी ओळ: पितळी दिवा, पक्ष्याचा, एक. कोणाच्या घरचा ते लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती लिहून होईपर्यंत उभी राहिली.

*

चंद्रपूरचं प्रदर्शन ज्या शाळेत होतं तिथे माझी मैत्रीण शिक्षिका होती आणि सगळ्या मांडणीचं काम तिच्याकडे होतं. म्हणूनच मी एवढ्या वस्तू बिनधास्त घेऊन निघाले.

तिच्याबद्दल सांगायला हवं. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत होतो. ती वरोऱ्याच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी. आमचं घर छप्पन सालानंतरचं बौद्ध, आणि मी आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. पहिल्याच आठवड्यात खानावळीत कोणीतरी माझं ताट वेगळ्या फळीवर ठेवलं. कोणी, ते कळलं नाही. कोणी काही बोललंही नाही. दुसऱ्या दिवशी ही उठली, फळीवरून माझं ताट घेतलं आणि त्यातच वाढून जेवायला बसली. मला म्हणाली, “तू माह्या ताटात जेव, अवं. आज मले हेच पाहिजे.” नंतर ती ताटांची फळी आपोआप बंद झाली. ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना सांगितली असेल.

मी सात मुलं घेऊन निघाले. बैलगाडीने रस्त्यापर्यंत, मग एसटीच्या टपावर सामान, आलापल्लीला गाडी बदलून आष्टी, गोंडपिपरी करत चंद्रपूर. सगळं तणसात, भाताच्या पेंढ्यात बांधलं होतं. दिवा माझ्या मांडीवर, पिशवीत.

मैत्रिणीने आम्हाला दाराजवळचा कोपरा दिला, उजेडाचा. मुलांनी दोन तासांत रोम उभं केलं. गेरू आणि शेणाने फळीवर जमीन केली, अर्ध्या भिंतीवर कवेलू रचले, मधे तिवईवर दिवा ठेवला. प्रत्येक वस्तूसमोर मी कार्ड लावलं: वस्तूचं रोमन नाव किंवा काम, आणि ती मांडणाऱ्या मुलाचं नाव. घरमालकाचं नाव कार्डावर नव्हतं. ते माझ्या वहीत होतं. त्या वेळी मला ते पुरेसं वाटलं.

मुलींनी पांढरी पातळं खांद्यावरून टाकून रोमन वेष केला होता. पहिल्याच दिवशी आमच्या कोपऱ्यासमोर रांग लागली. एका बाईंनी वेणीवालीला विचारलं, “हा खरंच रोमहून आणला का गं?”

तिने पाठ केलेल्या चार ओळी सोडून दिल्या. “नाई. आमच्या घरून आनला. माह्या ताईच्या लग्नाचा आहे.”

माझी मैत्रीण बाजूलाच उभी होती. ती खळखळून हसली आणि मला म्हणाली, “तुझी पोरगी रोमचा भाव पाडून राह्यली, पाह्य.” तिला मी दिव्याचं सगळं सांगितलं होतं. हळदीचंही. तिने तेव्हा दिवा हातात घेऊन वाकलेली कडी बोटाने फिरवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला. आमचा पहिला नंबर. मोहेंजोदडोवाले गुरुजी लांबून म्हणाले, “पासपोर्ट वसूल झाला, बाई.” बक्षीस समारंभ संध्याकाळी होता आणि त्यासाठी शिक्षण खात्यातले मोठे साहेब येणार होते. आमची आलापल्लीची शेवटची सोयीची गाडी दुपारी तीनची होती. ती चुकली की सात मुलांना घेऊन कुठे राहायचं, हा प्रश्न होता. मी वस्तू बांधायला घेतल्या.

मैत्रीण धावत आली. “अवं, काय करतेस? पहिल्या नंबरचा कोपरा रिकामा दाखवू का साहेबाले? तू पोरांना घेऊन नीघ. सामान मी पाठवते. पुढच्या आठवड्यात शाळांच्या खाऊची, सुकडीची गाडी तुमच्याच बाजूला जाते.”

“बरं. मग फक्त दिवा नेते.”

“दिव्याशिवाय काय राह्यलं त्यात? मधे भोकच दिसन. एका संध्याकाळचा प्रश्न आहे.”

मी घड्याळ पाहिलं. मुलांनी चपला पायात घालून पिशव्या खांद्याला लावल्या होत्या. ती रजिस्टर घेऊन आली. ‘शाळेस सर्व वस्तू परत मिळाल्या’ असा रकाना, आणि समोर सही.

“आता कुठे मिळाल्यात?”

“मला आज रात्रीच रजिस्टर द्यावं लागते. तुझ्या एकटीसाठी ते अडून राहीन. माझ्यावर भरोसा नाही का?”

माझ्या नोकरीत मी न मिळालेल्या खडूच्या पेटीवरही कधी सही केली नव्हती. त्या दिवशी मी सही केली. मुलांना घेऊन निघाले. गाडीत वेणीवालीने विचारलं, “दिवा?” मी म्हटलं, “मागून येतो आहे.” पहिल्या नंबरचा आनंद सांभाळायला मी तिच्या आईला दिलेला शब्द त्या तिवईवर ठेवून आले होते, आणि तसं तेव्हा मला वाटलंही नाही.

*

सुकडीची गाडी अकराव्या दिवशी आली. तीन पोती, दोन खोकी. मी ओट्यावर वही मांडून बसले. एकेक वस्तू बाहेर निघाली, तिच्यापुढे खूण झाली, आणि मूल ती घेऊन घरी पळालं. फाळवाला म्हातारा स्वतः आला, फाळ उलटासुलटा करून पाहिला, म्हणाला, “रोमची माती नाई लागली याले.” एकेक करत तीस खुणा झाल्या.

वेणीवाली शेवटपर्यंत बसली होती. आम्ही दोघींनी मिळून तणस मुठीमुठीने झटकलं. पोती उलटी केली. मग मी खोकी फाडली.

“असन तिथीच,” ती म्हणाली. मला धीर देत होती.

शनिवारी मी चंद्रपूरला गेले. मैत्रीण घरी होती. तिने चहा ठेवला, घरच्यांची चौकशी केली, सुकडीवाल्याने नीट आणलं का विचारलं.

“दिवा आला नाही.”

“कोणता दिवा?”

मी पिशवीतून वही काढून एकोणिसावी ओळ तिच्यापुढे धरली.

“अवं, तुटला-फुटला असन वाटेत.”

“पितळ फुटत नाही.”

तिने चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. “साहेबांनी हातात घेतला,” ती म्हणाली. “सोडतच नव्हते. सगळ्यांसमोर म्हणाले, हा कुठला, फार सुंदर आहे. आमचे मुख्याध्यापक माझ्याकडे पाहून राह्यले. मी काय म्हणू, नाही देत?”

“हो.”

“तुले बोलणं सोपं आहे. तू तिथे जंगलात राहतेस. माझं रोज त्यांच्यासमोर काम असते. मी आठवण म्हणून दिला, शाळेतर्फे. फोटो बी निघाला.”

“ती पोरगी तुझ्यासमोर सांगत होती. ताईच्या लग्नाचा म्हणून.”

“सांगत होती. मी कुठे नाही म्हणते? पण त्या लोकांकडे असं काय काय पडलेलं असते, अवं. दुसरा पेटवतील. मी बाजारातून चांगली समई घेऊन देते, यापेक्षा मोठी.”

मी म्हटलं, मला साहेबांचा पत्ता दे, मी सांगते त्यांना की चुकून दिला. त्यावर तिने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. खाली रजिस्टर होतं. जमा केलेलं परत मागून घरी आणून, योग्य पान उघडून, वर्तमानपत्र झाकून ठेवलेलं. तिने ते माझ्याकडे फिरवलं.

“तू सही केली आहेस ना,” ती म्हणाली. “आता तू साहेबाकडे गेलीस, तर मी कागदावर काय दाखवू?”

माझी सही माझ्यापुढे होती, नेहमीसारखी व्यवस्थित, तारखेसकट. ती भांडत नव्हती. तिचा आवाज चढला नव्हता. मी येणार हे तिला माहीत होतं आणि मी काय बोलणार हेही तिने आधीच धरलं होतं, जशी मी प्रदर्शनाची तयारी केली होती तशी. वसतिगृहातल्या ताटाची आठवण मला तिथेच झाली आणि फार त्रास झाला. तिने माझ्यासाठी जे केलं होतं ते खरं होतं, अजूनही खरं आहे. ती ते कोणासाठीही करेल, असं मी धरून चालले होते. माझ्यासाठी केलं, कारण मी तिच्या खोलीत राहत होते. त्या उंच बाईचं घर तिच्या खोलीपासून फार लांब होतं.

चहा न घेता उठले. ऑटो करून, पत्ता विचारत विचारत साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब सौजन्याने बोलले, बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अरेरे. मला कोणी सांगितलं असतं तर… पण तो मी नागपूरला आमच्या वरिष्ठांना दिला. त्यांना अशा वस्तूंचा शौक आहे. आता परत मागणं बरं दिसेल का? तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं, की बरं दिसेल. ते हसले. मला वाटतं, त्यांना ती गंमत वाटली.

नागपूरला मी तीन पत्रं लिहिली. प्रत्येकाची कार्बन प्रत ठेवली. पहिल्यात विनंती होती, दुसऱ्यात लग्नाचा महिना होता, तिसऱ्यात नुसती दिव्याची खूण: पक्षी, शेपटीची कडी, एका जागी वाकलेली. उत्तर आलं नाही.

*

वेणीवालीच्या आईला सांगायला गेले तेव्हा मोहाची फुलं पडायला लागली होती. ती अंगणात चटईवर मोह पसरत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मैत्रीण, साहेब, सही. काही लपवलं नाही. तिने ऐकताना हात थांबवला नाही.

“तुमी मनल्या होत्या, माह्या हातानं आनून देईन,” ती म्हणाली.

“हो.”

“थ्या चंद्रपूरच्या बाईले मी वळखत नाई. मी तुमाले देला.”

एवढंच. पुढे ती मोह सारखा करत राहिली. वेणीवाली दारात उभी होती. तिने मैत्रिणीचं हसणं ऐकलं होतं, माझी सहीही पाहिली होती. दिवा आला नाही हे तिने आईला आधी सांगितलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. अकरा दिवस ‘मागून येतो आहे’ असं मी तिला सांगितलं, त्यानंतरही ती घरी तेच सांगत राहिली होती. माझ्यासाठी.

लग्नाला मला बोलावणं आलं. न बोलावतील असं वाटलं होतं, पण त्या गावात मास्तरणीला न बोलावणं झालं नसतं. मी सकाळीच गेले. मांडवात नवरी पाटावर बसली होती आणि हळद वाटून तयार होती. कोणी लावत नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्या आत बसून बोलत होत्या, गोंडीत, मला सगळं कळत नव्हतं. मधे मधे ‘दिवा’ एवढा शब्द कळत होता. बाकीचं नंतर एकीने सांगितलं: कोणाच्या तरी घरचा आणावा, तर तो त्या घरच्या मुलींचा. नवीन आणावा, तर त्याच्यासमोर कोणालाच हळद लागलेली नाही. ऊन मांडवाच्या या खांबावरून त्या खांबावर गेलं. नवरी तशीच बसून होती. मी बायकांमध्ये बसले होते, आणि माझ्या दोन्ही बाजूंना जरा जरा जागा मोकळी राहिली होती.

कधीतरी वेणीवाली आतून आली आणि मांडवाच्या खांबाशी काहीतरी ठेवून गेली. आमच्या सहापैकी एक मातीचा दिवा, कोंबडीसारख्या पक्ष्याचा. तेल घातलेला, वात लावलेली. थोड्या वेळाने आई पाणी शिंपडायला आली. तिने तो उचलून बाजूला ठेवला. रागाने नाही, पाण्याच्या वाटेत होता म्हणून.

दुपार कलल्यावर नवरीचा मामा पलीकडच्या गावाहून चालत आला, आपल्या घरचा दिवा कापडात बांधून. नवरीची आई त्या घरची मुलगी, म्हणून त्याच्यासमोर हळद लागली. गाणी झाली, जेवणं झाली, पोरगी सासरी गेली. काही अडलं नाही, असं कोणी म्हणू शकेल. पण जाताना नवरीने मामाच्या दिव्याला हात लावून नमस्कार केला आणि मग मांडवाच्या मधल्या, रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिच्या आईनेही पाहिलं. मी वळून बाहेरच्या वाटेकडे पाहत राहिले.

चार दिवसांनी आई शाळेत आली. मुलं मैदानात होती. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “थे वही दाखवा.”

मी काढली.

“माहं कुठी लिवलं आहे?”

मी एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

“वाचा.”

मी वाचलं. पितळी दिवा, पक्ष्याचा, एक. तिचं घर. पोरीचं नाव. शेवटच्या रकान्याशी आले आणि थांबले. मी पेन हातात घेतलं होतं. ‘हरवला’ लिहावं की ओळ खोडावी, हे मी आधीच ठरवत होते. अर्धवट पान मला बघवत नाही.

“तिथी काय आहे?”

“काही नाही. परत दिल्यावर तिथे खूण करायची असते.”

“मंग काई लिवू नका,” ती म्हणाली. “खोडू बी नका. दिवा कुठीतरी आहे ना अजून.” आणि ती गेली.

त्यानंतर सात वर्षं मी त्या शाळेत होते. पंधरा ऑगस्टला सतरंजी लागली, स्नेहसंमेलनाला टोपल्या लागल्या, तर मुलं घरून रिकाम्या हाताने यायची. “आई मनते, नाई आहे, बाई.” सगळ्यांना माहीत होतं की आहे. वेणीवाली चौथी पास होऊन आश्रमशाळेत गेली. दाखला न्यायला आईबरोबर आली तेव्हा माझ्या पाया पडली. पडताना वर पाहिलं नाही.

मैत्रीण पुढे मुख्याध्यापिका झाली. सत्काराचं कार्ड मला आलं होतं. मी गेले नाही, आणि का नाही गेले तेही कळवलं नाही. तिला कळलं असेल.

बदलीच्या वेळी जुन्या वह्या मी रद्दीत दिल्या. हजेऱ्या, साहित्याच्या नोंदी, पोषण आहाराची पानं, सगळं. ही एक ठेवली. कपाटाच्या खालच्या खणात आहे. एकतीस ओळी आहेत, तीस ओळींपुढे खूण आहे.